सरकारमान्य नशीब



गेल्या महिन्यात एक मावशी आमच्या बैठकीत आली. बैठक म्हणजे काय, समाजमंदिराच्या मागची खोली, एक फाटकी सतरंजी, सात-आठ पोरं आणि या अंकाची प्रुफं. मावशीचा नवरा कंत्राटी सफाई कामगार. तिने हातातली पिशवी सतरंजीवर उलटी केली. आतून चिठ्ठ्या पडल्या. शेकड्यांनी. ऑनलाइन लॉटरीच्या सेंटरवर मशीनमधून निघतात त्या गुळगुळीत कागदाच्या. वर्षभर नवऱ्याच्या खिशातून, गादीखालून, जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून तिने त्या वेचल्या होत्या. त्यातल्या निम्म्याअधिक आता कोऱ्या झाल्या होत्या. त्या कागदावरची छपाईच तसली, ऊन लागलं की आकडा उडतो. पैसे गेले आणि पैसे गेल्याचा पुरावाही गेला.

मावशी एवढंच म्हणाली, "ह्ये सरकारचं हाय न्हवं? मंग सरकारला इचारा, माजं पैसं कुटं गेलं."

पोरं तापली. एक म्हणाला, आज रात्रीच सेंटर फोडू. दुसरा म्हणाला, सेंटरच कशाला, नाक्यावरची सगळीच लॉटरी उचलून गटारात टाकू. त्यावर तिसऱ्याने विचारलं, "आणि आप्पाचं काय?" आप्पा म्हणजे पोलिओने पाय गेलेला आमच्याच वस्तीतला म्हातारा. वीस वर्षं स्टेशनबाहेर कागदी तिकिटांच्या माळा लावून बसतो. तिकिटं रोखीने घेतो. संध्याकाळी जी उरतात ती त्याच्याच बोडक्यावर. त्याची फळी फोडली तर कुणाचं राज्य उलथणार आहे?

खूप भांडण झालं. हा अग्रलेख त्या भांडणातून निघालाय.

आधी एक सरळ करून घेऊ. मावशी बरोबर बोलली. ह्ये सरकारचंच हाय. १८७० साली इंग्रजाने पीनल कोडात एक कलम घातलं, २९४-अ. लॉटरीचं ऑफिस थाटणारा गुन्हेगार, सहा महिन्यांची कैद. इंग्रज गेला, कलम राहिलं. २०२४ च्या जुलैपासून नव्या न्याय संहितेत त्याचा नंबर २९७ झाला, एवढाच काय तो फरक. पण या कलमाची गंमत त्याच्या कंसात आहे. लॉटरी चालवणं गुन्हा, मात्र ती राज्याची किंवा राज्याने परवानगी दिलेली नसेल तर. म्हणजे कृत्य तेच, पैसा तोच, हरणारा तोच. वर राजमुद्रा असली की योजना, नसली की गुन्हा.

राज्यघटनेतही हा विषय आहे. सरकारी लॉटऱ्या केंद्राच्या यादीत, ४० व्या नोंदीत. सट्टा आणि जुगार राज्याच्या यादीत, ३४ व्या नोंदीत. १९४९ च्या सप्टेंबरात घटना समितीत काही सदस्यांनी जुगाराची नोंदच काढून टाका म्हणून आग्रह धरला होता. आपल्या पवित्र घटनेत जुगार कशाला, असा त्यांचा सूर. त्यांना उत्तर द्यायला बाबासाहेब उभे राहिले. त्यांचं म्हणणं वकिली आणि रोखठोक होतं: नोंद काढल्याने जुगार थांबणार नाही. नोंद ठेवली तर तिच्या आधाराने परवानगीही देता येईल आणि बंदीही घालता येईल. कागदावरून शब्द खोडला म्हणजे पाप धुतलं गेलं, असं समजणाऱ्यांना तो टोला होता. हत्यार राज्यांच्या हातात दिलं गेलं. राज्यांनी ते कुणावर चालवलं, हा प्रश्न आपला आहे.

केरळने १९६७ साली पहिली सरकारी लॉटरी काढली. तिकीट एक रुपया, पहिलं बक्षीस ५० हजार. १९६९ च्या एप्रिलात महाराष्ट्र राज्य लॉटरी आली. का? तर लोक मटक्याच्या नादी लागू नयेत म्हणून! त्या वेळची मुंबई आठवा. १९६२ साली वरळीला कल्याणजी भगतने मटका सुरू केला, पाठोपाठ रतन खत्रीचा आला. त्याच्या आधी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून येणाऱ्या भावांवर आकडा लागायचा. ते बंद झालं तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या, मग पत्ते. गिरणगावात पाळी सुटली की कामगार आधी आकडा विचारायचा, मग भाकरी. एकेरी आकडा लागला तर बहुतेक ठिकाणी रुपयाला नऊ मिळायचे. दहातला एक आकडा, नऊ रुपये. म्हणजे मटकेवाला रुपयामागे दहा पैसे खात होता. आम्ही मटक्याची आरती ओवाळत नाही, मटक्याने आपल्या आयांच्या अंगावरचे मणी खाल्लेत. पण हिशेब तो हिशेब. सरकारी दुकानात रुपयामागे किती खाल्ले जातात, ते कुठल्या चिठ्ठीवर छापलंय?

हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत, काळ्यांच्या वस्तीत, हाच मटका 'नंबर्स' या नावाने चालायचा. तीन आकडे. आपल्याकडे कापसाचा भाव, तिकडे बँकांच्या क्लिअरिंग हाऊसचे रोजचे आकडे पेपरात यायचे, त्यातून नंबर काढायचा. कॅस्पर होलस्टाईन नावाचा काळा माणूस यात श्रीमंत झाला, आणि त्याच पैशातून १९२५-२६ च्या सुमारास 'ऑपॉर्च्युनिटी' मासिकाची साहित्यस्पर्धेची बक्षिसं दिली गेली. काळ्या कवींना पारितोषिकं नंबरच्या पैशातून! (आमच्या अंकाला असा होलस्टाईन अजून भेटलेला नाही. कागदवाल्याची उधारी तशीच आहे.) मग १९३०च्या दशकात डच शुल्ट्झ हा गोरा गुंड पिस्तूल घेऊन आला आणि धंदा काढून घेतला. १९६० साली हार्लेमचे खासदार ॲडम क्लेटन पॉवेल यांनी अमेरिकन संसदेत उभं राहून ओरडून सांगितलं की पोलिस काळे नंबरवाले पकडतात आणि गोरे मालक मोकळे सोडतात. पुढे गुंडाच्याही हातून धंदा गेला. नेला कुणी? राज्य सरकारांनी. १९६४ साली न्यू हॅम्पशायरने नव्या जमान्यातली पहिली राज्य लॉटरी काढली, आणि १९७५ साली न्यू जर्सीने रोजचा तीन आकड्यांचा खेळच सरकारी केला. न्यूयॉर्कही त्याच वाटेने गेलं. तोच खेळ. हजारात एक संधी. बेकायदा नंबरवाला डॉलरला ६००च्या आसपास द्यायचा. न्यूयॉर्कचं सरकार ५०० देतं. गुंडापेक्षा सरकार जास्त खातं, आणि वर फलक लावतं की हा पैसा शिक्षणाला जातो!

शिक्षणाला जातो, पण कुणाच्या? जॉर्जिया राज्याचं उदाहरण प्रत्येकाने पाठ करून ठेवावं. १९९३ साली तिथे लॉटरी सुरू झाली आणि तिच्या पैशातून 'होप' नावाची शिष्यवृत्ती. होप म्हणजे आशा. नाव किती गोड! आरंभी अट होती की घरचं उत्पन्न वर्षाला ६६ हजार डॉलरच्या आत असलं पाहिजे. दुसऱ्याच वर्षी ती मर्यादा एक लाख झाली. १९९५ साली मर्यादाच उडवली. आता निकष एकच, मार्क. मेरिट! हा शब्द आपण कुठे ऐकलाय का? अभ्यासकांनी पुढे आकडे मांडून दाखवलं की तिकिटं जास्त खपतात गरिबांच्या आणि काळ्यांच्या भागात, आणि शिष्यवृत्तीचा पैसा जास्त जातो गोऱ्या, सुखवस्तू घरांत. २०११ साली पैसा पुरेना तेव्हा कात्री कुणाला लागली? पूर्ण फी फक्त वरच्या मार्कवाल्यांना, प्रवेश परीक्षेत १२०० गुण मिळवणाऱ्यांना. बाकीच्यांना अर्धंमुर्धं. म्हणजे झाडूवाल्या बाईने तिकीट घ्यायचं आणि डॉक्टरच्या पोराने कॉलेजात जायचं. ही लॉटरी नव्हे. ही वेठबिगार आहे, फक्त पावती रंगीत आहे.

इंग्लंडात तर जुनं खानदान. १५६७ साली पहिल्या एलिझाबेथ राणीने बंदरं दुरुस्त करायला लॉटरी काढली. तिकीट दहा शिलिंग, गरिबाच्या बापाला न परवडणारं. तिकीट घ्यायला येणाऱ्याला किरकोळ गुन्ह्यांसाठी अटक होणार नाही, असंही जाहीर केलं होतं. पुढे कलकत्त्यात कंपनी सरकारने लॉटरीच्या पैशातून टाऊन हॉल बांधला, रस्ते काढले. मायदेशी मात्र १८२६ साली लॉटरी बंद. ती परत आली १९९४ च्या नोव्हेंबरात. तिथला कारभार कागदावर आपल्यापेक्षा पुष्कळ शिस्तीचा आहे, हे कबूल केलं पाहिजे. एका कंपनीला ठराविक मुदतीचा परवाना. २०२४ च्या फेब्रुवारीपर्यंत कॅमलॉट, तेव्हापासून ऑल्विन. वर नजर ठेवायला गॅम्बलिंग कमिशन. १२ टक्के सरकारी कर, एक वाटा सत्कार्याला. २०२१ पासून अठरा वर्षांखालच्यांना तिकीट नाही. सगळं ठीक. पण सत्कार्य म्हणजे काय? १९९५ साली लंडनच्या रॉयल ऑपेरा हाऊसला लॉटरीतून सात कोटी ऐंशी लाख पौंडांच्या आसपास मंजूर झाले. त्याच वर्षी चर्चिलच्या खानदानाकडून त्याचे कागद विकत घेतले गेले, सव्वा कोटी पौंड मोजून, लॉटरीच्याच पैशातून. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात ज्याच्या सरकारने धान्य पाठवायला टाळाटाळ केली, त्याच्या वारसांना लंडनमधल्या बंगाली वेटरच्याही पौंडातला हिस्सा मिळाला असणार. इतिहास असा विनोद करतो.

आता शक्यतेबद्दल. अमेरिकेत 'पॉवरबॉल' नावाची लॉटरी आहे. तिचं मोठं बक्षीस लागण्याची शक्यता २९ कोटी २२ लाखांत एक. २०११ च्या खानेसुमारीत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. म्हणजे असे अडीच महाराष्ट्र एका मैदानात उभे करा, तान्ही पोरं आणि म्हाताऱ्या धरून, आणि डोळे बांधून एकाच्या डोक्यावर हात ठेवा. तो हात आपल्या डोक्यावर येईल म्हणून माणूस दर आठवड्याला पैसे भरतो. येडा आहे का तो?

नाही. इथे शहाण्यासुरत्या मध्यमवर्गाशी आमचं जमत नाही. ते म्हणतात, गरीब आळशी, नशिबावर विसंबून राहतो, गणित येत नाही. अरे, ज्याला महिन्याचे बारा हजार सहा तोंडांत वाटता येतात त्याला तुमच्यापेक्षा जास्त गणित येतं! कंत्राटी कामगाराला ठाऊक असतं की पगारातून खोली होणार नाही. बँक कर्ज देणार नाही. मेव्हणा उसने देणार नाही, त्याच्याकडेच नाहीत. सगळे दरवाजे बंद असताना भिंतीत एक फट दिसते, तो तिथे डोळा लावतो. आणि ही सवय त्याला लावली कुणी? घर हवं, म्हाडाची सोडत. पोराला चांगली शाळा हवी, आरटीईची सोडत. जे हक्काने मिळायचं ते सरकार नशिबाने वाटतं, आणि जे नशिबाने मिळणार नाही त्याचं तिकीट विकतं.

आता एका माणसाची गोष्ट सांगायची आहे. त्याला लॉटरी लागली होती.

अमेरिकेत चार्ल्सटन शहरात डेन्मार्क व्हेसी नावाचा गुलाम होता. त्या काळी अमेरिकेत पूल, चर्च, कॉलेजं, सगळं लॉटऱ्या काढून बांधलं जायचं. कर्जबाजारी जमीनदार आपली मालमत्ताही लॉटरीत काढायचे, आणि त्या मालमत्तेत माणसं असायची. तिकीट काढा आणि काळा माणूस जिंका! त्याच देशात १७९९ साली व्हेसीने ईस्ट बे स्ट्रीटच्या लॉटरीचं तिकीट घेतलं. ज्याचा स्वतःच्या देहावर हक्क नाही त्याने तिकीट घेतलं. आणि ते लागलं. १५०० डॉलर. त्यातले ६०० मालकाला मोजून त्याने स्वतःला विकत घेतलं. उरलेल्या पैशातून सुतारकाम थाटलं. मोकळा झाला. आता खाऊन-पिऊन सुखी राहायला हरकत नव्हती. आपल्याकडेही अशा मोकळ्या झालेल्यांची कमी नाही, फ्लॅटच्या दारावर आडनाव बदललेली पाटी लावून बसलेले.

पण व्हेसीची बायको गुलाम होती. पोरं गुलाम होती. कायद्याने पोर आईच्या मागे जायचं, आईच्या मालकाचं व्हायचं. लॉटरीच्या ९०० डॉलरने ते सुटणार नव्हते, कारण मालक विकायला तयार नव्हता. त्याने बावीस वर्षं हे पाहिलं. रंधा मारता मारता पाहिलं. १८२२ साली त्याने चार्ल्सटनच्या गुलामांचं बंड रचलं, असा त्याच्यावर आरोप आला. फितुरी झाली. २ जुलै १८२२ ला त्याला फासावर दिलं. त्या प्रकरणात एकूण पस्तीस जणांना फाशी झाली. स्वतः सुटलेला माणूस न सुटलेल्यांसाठी मेला. लॉटरीचा सगळा इतिहास चाळला तरी आम्हाला हा एकच विजेता नाव घेण्यासारखा वाटतो.

त्याच देशात गुलामगिरी संपल्यावर काय झालं? १८६८ साली लुइझियाना राज्याने एका खाजगी कंपनीला पंचवीस वर्षांचा लॉटरीचा मक्ता दिला. आमदार विकत घेऊन मिळवलेला. त्या बदल्यात कंपनीने वर्षाला ४० हजार डॉलर न्यू ऑर्लिन्सच्या धर्मादाय इस्पितळाला द्यायचे, बाकी सगळं कंपनीचं. सोडत प्रामाणिक आहे हे लोकांना पटावं म्हणून पगार देऊन दोन प्रतिष्ठित माणसं मंचावर बसवली. कोण? जनरल बोरगार्ड आणि जनरल अर्ली. गुलामगिरी टिकावी म्हणून लढलेल्या फौजेचे सेनापती! तिकिटं बहुतेक राज्याबाहेर खपायची, टपालाने. राज्य एक, लुबाडणूक देशभर. १८९० साली अमेरिकन संसदेने टपाल बंद केलं, पुढे कंपनी होंडुरासला पळाली, आणि १८९५ साली संसदेने आंतरराज्य वाहतूकही बंद केली.

ही गोष्ट ऐकताना काही ओळखीचं वाटतंय? लहान राज्याने लॉटरी काढायची, वितरकाला मक्ता द्यायचा, तिकिटं खपवायची मोठ्या राज्यांतल्या झोपडपट्ट्यांत. ईशान्येकडच्या राज्यांच्या नावाची तिकिटं तुमच्या नाक्यावर मिळतात ती अशी. महाराष्ट्र सरकारने एकदा परराज्यांच्या लॉटऱ्यांवर बंदी घालायचा प्रयत्न केला. लोकांची दया आली म्हणून असेल तर स्वतःची लॉटरीही बंद करायची की! ती चालूच. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी उडवली. मग १९९८ साली केंद्राने लॉटरी नियमन कायदा केला. १९९९ साली न्यायालयाने सांगितलं की राज्याने चालवली तरी लॉटरी हा जुगारच आहे, आणि परराज्याची बंद करायची तर आधी स्वतःची बंद करा. तामिळनाडूने २००३ साली सगळीच बंद केली. केरळने २००५ साली ऑनलाइन बंद करून फक्त कागदी ठेवली, आणि २०१५ साली ते न्यायालयात टिकलं.

१९९८ चा तो कायदा नीट वाचा. एका लॉटरीची आठवड्याला एकापेक्षा जास्त सोडत नको. एकेरी आकड्यावर बक्षीस नको. सोडत राज्याने स्वतः काढायची. पैसा राज्याच्या लोकलेख्यात जमा करायचा. न नेलेलं बक्षीस राज्याचं. वाचताना वाटतं, वा, काय कायदा आहे! मग मावशीचा नवरा दिवसाला वीस चिठ्ठ्या कशा काय काढत होता? सोपं आहे. प्रत्येक सोडतीला वेगळं नाव द्यायचं. सोमवार सकाळची एक, सोमवार दुपारची दुसरी, कागदावर प्रत्येक लॉटरी आठवड्याला एकदाच! २०१० च्या नियमांनी तर एका राज्याला सगळ्या योजना मिळून दिवसाला चोवीस सोडतींची मोकळीक दिली. आता चार राज्यांच्या योजना एका सेंटरवर आणा आणि तुम्हीच मोजा. पाव तासाला एक सोडत होते. आठवड्याची वाट पाहणारा माणूस स्वप्न विकत घेतो. पाव तासाची वाट पाहणारा माणूस उठूच शकत नाही. त्याच्या हातातला पगार खुर्चीवरच संपतो.

आणि हा पैसा वर कुठवर जातो? २०२४ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरवले. मार्चात याद्या उघड झाल्या. देशातले सगळे सिमेंटवाले, पोलादवाले, औषधवाले मागे. सगळ्यात वर कोण? लॉटरीच्या तिकिटांची वितरक कंपनी, फ्यूचर गेमिंग. १३६८ कोटींचे रोखे! त्यातले पाचशे चाळीस कोटींच्या वर तृणमूल काँग्रेसला, पाचशे कोटींच्या वर द्रमुकला, शंभर कोटी भाजपला. तामिळनाडूत लॉटरीवर बंदी, पण लॉटरीच्या पैशावर नाही! नाक्यावरच्या चिठ्ठीचा प्रवास मंत्रालयाच्या पायरीपाशी संपतो असं आम्हाला वाटायचं. तो पक्षाच्या तिजोरीपर्यंत जातो.

कर तर वेगळाच. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने लॉटरीवरचा जीएसटी योग्य ठरवला. जुगार म्हणून तिचा हक्क नाही, पण कर लावायला ती माल! तेव्हा दर २८ टक्के. २०२५ च्या २२ सप्टेंबरपासून ४० टक्के. तो तिकिटाच्या किमतीच्या पोटातच असतो, म्हणून घेणाऱ्याला दिसत नाही. आणि चुकून बक्षीस लागलंच तर त्यावर तीस टक्के आयकर, वर अधिभार. वर्षभर जी तिकिटं फुकट गेली त्यांची वजावट मिळत नाही. हरलास तरी भर, जिंकलास तरी भर. याच देशात १९८५ साली वारशावरचा कर रद्द झाला. २०१५ साली संपत्तीकर रद्द झाला. बापाची इस्टेट मिळाली तर कर नाही, आणि आप्पाच्या फळीवरचं तिकीट घेतलं तर आहे. ही कुणाची राज्यव्यवस्था आहे ते आता वेगळं सांगायला नको.

केरळबद्दल दोन शब्द चांगले लिहिले पाहिजेत, नाहीतर आम्हीही खोटे ठरू. तिथे मधे एकच एक बडा वितरक नाही, खातं स्वतः एजंटांना तिकिटं विकतं. तिरुवनंतपुरमच्या गॉर्की भवनात लोकांसमोर सोडत होते. २०११ पासून 'कारुण्य' लॉटरीचा पैसा गरिबांच्या आजारपणाला लावला. २००८ साली विक्रेत्यांसाठी कल्याण निधीचा कायदा केला. स्पेनमध्ये आंधळ्यांची स्वतःची संस्था १९३८ पासून लॉटरी चालवते आणि विकणारे आंधळे तिचे पगारी नोकर आहेत. आप्पाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "पगारी? आन रविवारी सुट्टी बी?" पण केरळातही वर्षाला बारा हजार कोटींच्या आसपास तिकिटं खपतात, मोठा हिस्सा बक्षिसांत आणि कमिशनात जातो, आणि घेणारा रोजंदारीवालाच असतो. दयाळू सावकार झाला तरी सावकारच.

मग फोडायचं का? तामिळनाडूत बंदीनंतर तीन आकड्यांची चोरटी लॉटरी चालू राहिली. लोक त्यात बुडाले, पोलिस फेरीवाले पकडत राहिले. फोडलेलं सेंटर आठ दिवसांत दुसऱ्या गल्लीत उघडतं, आणि पोरांवर केस लागते ती दहा वर्षं चालते. आमचं मत पडलं: फोडायचं नाही. हिशेब मागायचा. हिशेबाची त्यांना जास्त भीती आहे.

माहिती अधिकाराचे अर्ज तयार होताहेत. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर लिहावा लागतो, २०१२ पासून. म्हणून एकेक प्रश्नाचा वेगळा अर्ज, दहा-दहा रुपयांचं तिकीट लावून. (हे तिकीट मात्र घ्या.) आपल्या वॉर्डातल्या कुठल्या सेंटरला कुणाचा परवाना? वर्षाला विक्री किती, बक्षिसं किती? न नेलेल्या बक्षिसांचा पैसा किती आणि तो गेला कुठे? त्यातला एक रुपया तरी सफाई कामगारांच्या वस्तीत खर्च झाला का? आणि मागण्या तीन. प्रत्येक चिठ्ठीवर बक्षीस लागण्याची शक्यता मराठीत छापा. नावं बदलून दिवसभर सोडती काढणं बंद करा, कायद्यात लिहिलंय तशी आठवड्याला एक. आप्पासारख्यांना केरळसारखा निधी आणि न खपलेली तिकिटं परत घ्या.

मावशीच्या नवऱ्यालाही बोलावलं आहे. तो येईन म्हणालाय, खाली मान घालून. त्याला कुणी हसायचं नाही, सल्ला द्यायचा नाही.

येत्या रविवारी सकाळी दहाला, समाजमंदिराच्या मागे. घरातल्या सगळ्या चिठ्ठ्या घेऊन या, हरलेल्याच. आणि आणण्याआधी, आकडे उडायच्या आत, प्रत्येकीचा फोटो काढून ठेवा.